आजार लहान, कोसळणं मोठं

दोन दिवसांचे जुलाब, साधा फ्लू, काढलेली दाढ किंवा हर्नियाची छोटी शस्त्रक्रिया, एवढ्या कारणाने चाळिशीतल्या माणसाचा रक्तदाब सत्तरपर्यंत घसरू नये. घसरलाच तर दोन-तीन बाटल्या सलाईननंतर तो वर यायला हवा. तसा तो येत नाही, माणूस ग्लानीत जातो, आणि घरचे सांगत राहतात की गेले सहा महिने ह्यांचं काहीतरी बिनसलंय, पण रिपोर्ट सगळे नॉर्मल येतात. अशा वेळी दिसणारं कारण आणि घडलेला परिणाम यांचा हिशोब जुळत नसतो. अ‍ॅड्रिनल ग्रंथी कमी पडत आहेत हे ओळखायचं असेल तर या न जुळणाऱ्या हिशोबाकडेच पाहावं लागतं. पाठ्यपुस्तकातलं चित्र डोळ्यांसमोर धरून रुग्ण त्याच्याशी ताडून पाहायचा, ही वैद्यकाची जुनी आणि बहुतेक वेळा उपयोगी सवय. या एका आजारात मात्र ती सवय घात करते, असं माझं म्हणणं आहे. या आजाराच्या ज्या रुग्णांना ‘अनवट’ म्हटलं जातं, त्यांचा आजार अनवट नसतो. त्यांच्याकडे पाहताना धरलेलं चित्र अपुरं असतं.

ते चित्र कुठून आलं, हे पाहण्यासारखं आहे. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातले थॉमस अ‍ॅडिसन रक्तक्षयाच्या एका विशिष्ट प्रकाराचा माग काढत होते. त्या शोधात त्यांना मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या, जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाच्या दोन दुर्लक्षित अ‍ॅड्रिनल ग्रंथी खराब झालेल्या आढळल्या. १८५५ साली त्यांनी अकरा रुग्णांची वर्णनं रंगीत चित्रांसह प्रसिद्ध केली. पराकोटीचा अशक्तपणा, क्षीण नाडी, पोटाच्या तक्रारी आणि काळवंडत जाणारी त्वचा अशी ती वर्णनं होती. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांमधून या ग्रंथी काढल्या आणि प्राणी जगत नाहीत असं दाखवलं. फ्रान्समध्ये त्रुसो यांनी आजाराला अ‍ॅडिसनचं नाव दिलं आणि चित्र कायमचं चौकटीत बसलं. पण हे रुग्ण शेवटच्या टप्प्यातले होते हे विसरून चालणार नाही. अ‍ॅडिसन यांच्या हाती ना या ग्रंथींचं हार्मोन, म्हणजे कॉर्टिसॉल, मोजण्याची सोय होती, ना ते देण्याची. त्यांचा पुरावा शवविच्छेदनाच्या टेबलावर मिळत होता. म्हणजे आपण ज्याला नमुनेदार रूप म्हणतो ते आजाराच्या अखेरचं रूप आहे. त्याची वाट पाहणं म्हणजे रोगी जवळजवळ हातचा जाईपर्यंत थांबणं.

नमुन्याचा हा हट्ट किती दूर नेतो याचं सर्वांत परिचित उदाहरण राजकारणातलं आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना लहानपणापासून पोटाचे आजार होते, वजन धरत नव्हतं. १९४७ मध्ये लंडनमध्ये ते कोसळले तेव्हा कुठे अ‍ॅडिसनच्या आजाराचं निदान झालं. त्यांच्या चेहऱ्यावरचा तांबूस-सावळा रंग लोकांना उन्हातल्या खेळांचा आणि तब्येतीचा वाटत असे. त्या रंगामागे हा आजारही होता, हे लोकांना ठाऊक नव्हतं. १९६० च्या निवडणुकीत त्यांच्या गोटातून जो खुलासा झाला तो शब्दशः खोटा नव्हता, पण दिशाभूल करणारा होता. अभिजात अर्थाने अ‍ॅडिसनचा आजार म्हणजे क्षयाने झालेला ग्रंथींचा नाश, आणि तो त्यांना नाही, अशी ती मांडणी होती. मृत्यूनंतरच्या तपासणीत त्या ग्रंथींचा मागमूस सापडला नाही. ‘अभिजात’ या शब्दाच्या आड एक आजार जाणूनबुजून लपवता आला. दवाखान्यात तोच शब्द नकळत तेच काम करतो.

किती वेळा करतो, याचा एक अंदाज जर्मनीत मिळतो. तिथल्या २१६ रुग्णांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तक्रारी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत निदान झालेले पुरुष निम्म्याहून कमी, आणि स्त्रिया तर तीस टक्क्यांहूनही कमी. दर पाचातला एक रुग्ण पाच वर्षांहून अधिक काळ निदानाविना राहिला. दोन-तृतीयांशांहून अधिक जणांनी किमान तीन डॉक्टर पालथे घातले, आणि ६८ टक्क्यांना आधी भलतंच निदान मिळालं. ही चुकीची निदानं मुख्यतः मानसिक आजारांची आणि पोटाच्या विकारांची होती. स्त्रियांना अधिक थांबावं लागलं, हा आकडा मला सर्वांत बोचतो. थकलेल्या बाईची तक्रार ‘मनाची’ ठरवणं सगळीकडेच सोपं असतं. आता, दहापैकी सहा-सात रुग्णांमध्ये आजार ओळखू येत नसेल, तर त्या सहा-सातांना अपवाद म्हणायचं की नियम?

आजार इतक्या वेषांत का येतो, याचं उत्तर कॉर्टिसॉलच्या कामात आहे. शरीर दिवसाकाठी ते दहा-पंधरा मिलिग्रॅम बनवतं, पण जवळपास प्रत्येक पेशी त्याचा हुकूम मानते. रक्तवाहिन्या आकुंचन पावण्याचे संकेत त्याच्याशिवाय नीट पाळत नाहीत, म्हणून रक्तदाब उतरतो. यकृत उपाशीपोटी साखर बनवायला कमी पडतं. पाणी धरून ठेवणारं व्हॅसोप्रेसिन मोकाट सुटतं, म्हणून सोडियम पातळ होतं. त्यातच ग्रंथीच निकामी झाली असेल तर मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉनही जातं आणि मूत्रपिंडातून मीठ वाहून जाऊ लागतं. मग काही रुग्ण लोणचं, पापड, नुसतं मीठ चाटू लागतात, आणि ही गोष्ट डॉक्टरने मुद्दाम विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. एकच उणीव, पण तिचे तुकडे वेगवेगळ्या दारांत जाऊन पडतात. ओकाऱ्या पोटविकारतज्ज्ञाकडे जातात, उदासी मानसोपचारतज्ज्ञाकडे, सोडियम नेफ्रॉलॉजिस्टकडे आणि चक्कर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. प्रत्येकाच्या हातातला तुकडा त्याच्या त्याच्या शास्त्रात कसाबसा बसतो, आणि बसला की विचार थांबतो.

पोटाचा तुकडा सर्वांत फसवा. तीव्र पोटदुखी, उलट्या, ताप, हात लावताच दुखणारं पोट हे सगळं अपेंडिक्ससारखं दिसू शकतं. असा रुग्ण टेबलावर घेतला तर भूल आणि शस्त्रक्रिया यांचा ताण त्या कोरड्या पडलेल्या ग्रंथींना झेपत नाही. गरोदरपणात हाच प्रकार डोहाळ्यांच्या उलट्यांत मिसळून जातो; दिवस सरले तरी उलट्या सरत नाहीत, वजन उतरत जातं, तरी संशय येत नाही. तरुण मुलीचं खाणं सुटलं की अ‍ॅनोरेक्सियाचा शिक्का बसतो. मनाच्या बाजूने उदासी, चिडचिड, कशातच रस न वाटणं आणि क्वचित भ्रमही दिसतात, आणि नैराश्याच्या गोळ्या महिनोन् महिने चालू राहतात. याहून कमी भेटणारी रूपंही आहेत. पाय आखडून सरळ न होणं, रक्तात कॅल्शियम वाढणं, इओसिनोफिल वाढणं, हृदयाचे स्नायू तात्पुरते दुबळे होणं, अशी ती रूपं. अभ्यासात अचानक मागे पडू लागलेला, वर्गात लक्ष नसलेला मुलगा काळवंडत असेल तर अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी या आनुवंशिक आजाराचा विचार झालाच पाहिजे, कारण तिथे ग्रंथींबरोबर मेंदूही पणाला लागलेला असतो.

या सगळ्या रूपांची यादी पाठ करून भागणार नाही. यादी लांबत जाईल आणि पुढचा रुग्ण तिच्याबाहेरचाच असेल. त्यापेक्षा एक खूण मला अधिक भरवशाची वाटते: उपचार उलटा पडणं, किंवा जुना आजार विनाकारण सौम्य होणं. वर्षानुवर्षं बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला त्या एकाएकी लागेनाशा होतात, आणि घरात आनंद होतो. टाइप-१ मधुमेहाच्या मुलाचं इन्सुलिन कमी कमी करावं लागतं, तरी पहाटे शुगर पडते. थकव्यासाठी टीएसएच तपासलं, ते थोडं वाढलेलं निघालं, थायरॉइडची गोळी सुरू केली आणि बाई सुधारण्याऐवजी आठवडाभरात आडवी झाली. कॉर्टिसॉलच्या अभावी टीएसएच स्वतःहूनही थोडं वाढतं, आणि थायरॉक्सिन उरलंसुरलं कॉर्टिसॉल अधिक वेगाने खर्ची घालतं. या तिन्ही घटनांत नवं लक्षण एकही नाही. फक्त गणित उलट्या दिशेने चाललं आहे.

भारतात या उलट्या गणिताचं सर्वांत महत्त्वाचं उदाहरण क्षयाचं आहे. युरोपात आज बहुतेक रुग्णांच्या ग्रंथी त्यांच्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने नष्ट होतात. आपल्याकडे क्षय हे कारण अजूनही ठाण मांडून आहे, आणि अलीकडे मोठ्या रुग्णालयांतून हिस्टोप्लाझ्मोसिस या बुरशीचे रुग्णही पुष्कळ नोंदवले जात आहेत. दोन्ही ग्रंथींचा सुमारे नव्वद टक्के भाग जाईपर्यंत रुग्ण कसाबसा चालत-फिरत असतो. अशा रुग्णाच्या फुप्फुसात क्षय सापडतो आणि औषधं सुरू होतात. त्यातलं रिफाम्पिसिन यकृताला कॉर्टिसॉल झपाट्याने मोडायला लावतं. निरोगी ग्रंथी उत्पादन वाढवून ही तूट भरून काढतात. खंगलेल्या ग्रंथींना ते जमत नाही. दोन-तीन आठवड्यांत उलट्या वाढतात, अन्न जात नाही, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. ‘टीबीची औषधं गरम पडतात’ हे वाक्य तर तयारच असतं. मग रुग्ण औषधं सोडतो, किंवा डॉक्टर यकृताच्या तपासण्या करत बसतात. ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांतून १९८० च्या दशकातच या धोक्याची नोंद झाली होती. क्षयाची औषधं सुरू झाल्यावर प्रकृती खालावलेल्या प्रत्येक रुग्णाचं सोडियम आणि उभ्याने घेतलेला रक्तदाब पाहिला, तर अर्ध्यावर सोडल्या जाणाऱ्या उपचारांतले काही तरी नक्की वाचतील.

रंगाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपल्या त्वचेवर तो सहज हुकतो. ग्रंथी कमी पडल्या की त्यांना हुकूम देणारी, मेंदूच्या तळाची पिट्यूटरी ग्रंथी जोर लावते, तिच्या एसीटीएच या हार्मोनचं प्रमाण प्रचंड वाढतं आणि ते त्वचेतल्या रंगपेशींनाही चेतवतं. गोऱ्या माणसात हे लगेच दिसतं. सावळ्या माणसात ‘उन्हात फिरतोय’, ‘वांग आलेत’, ‘अशक्तपणाने काळा पडलाय’ अशी कारणं पुढे येतात. म्हणून चेहरा बघून ठरवू नये. रुग्णाला खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बसवावं आणि तळहात ताणून उघडायला सांगावं. सावळ्या माणसाच्याही हातावरच्या रेषा सहसा तळव्याच्याच फिक्या रंगाच्या असतात. इथे त्या पेन्सिलीने ओढल्यासारख्या तपकिरी दिसतात. मग बोटांचे सांधे, कोपर, हिरड्या आणि गालांची आतली बाजू पाहावी. तिथे शाई सांडल्यासारखे निळसर-काळे ठिपके असू शकतात. एखादा व्रण अलीकडचा असेल तर तो काळा, आजारापूर्वीचा असेल तर फिका, हा फरक तर आजाराची तारीखच सांगतो. काही सावळ्या व्यक्तींच्या हिरड्या मुळातच काळसर असतात, म्हणून सर्वांत उपयोगी प्रश्न हा: हे आधीपासून असंच होतं का? सहा महिन्यांपूर्वीचा फोटो मोबाईलमध्ये बहुतेकांकडे असतो. तो मागून पाहावा.

पण काळेपणा नाही म्हणून आजार नाही, असंही म्हणता येत नाही. दोष पिट्यूटरीत असेल तर एसीटीएचच कमी असतं, त्वचा उलट फिकट दिसते, आणि अल्डोस्टेरॉन शाबूत असल्याने पोटॅशियमही वाढत नाही. मूळ ग्रंथीच बिघडलेली असतानाही पोटॅशियम हा कच्चा साक्षीदार ठरतो: नॉर्वेतल्या २७२ रुग्णांच्या नोंदींत निदानाच्या वेळी सोडियम कमी असलेले ८४ टक्के होते, पोटॅशियम वाढलेले मात्र जेमतेम एक-तृतीयांश. पिट्यूटरीच्या दोषाची दोन कारणं आपल्या ओळखीची आहेत. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला, त्यानंतर अंगावर दूध आलं नाही, पाळी परतली नाही, काखेतले केस गळाले, आणि बाई दहा-पंधरा वर्षं ‘बाळंतपणापासून अशीच आहे’ या एका वाक्याखाली जगत राहिली, हा शीहान यांनी १९३७ मध्ये वर्णन केलेला विकार. काश्मीरमध्ये झालेल्या पाहणीत, मूल झालेल्या वीस वर्षांवरील स्त्रियांत तो सुमारे ३ टक्क्यांना आढळला. पाश्चात्त्य पुस्तकांत दुर्मीळ म्हणून एका ओळीत उरकलेली गोष्ट तिथे दुर्मीळ नव्हती. दुसरं कारण घोणस. तिच्या विषाने रक्त गोठण्याची व्यवस्था ढासळते आणि पिट्यूटरीचा रक्तपुरवठा तुटू शकतो. ब्रह्मदेश आणि दक्षिण भारतातून असे रुग्ण नोंदले गेले आहेत. कोकणात, देशावर घोणस चावून वाचलेला शेतकरी पुढे वर्षानुवर्षं निस्तेज राहिला तर ‘विषाने अंगात ताकद ठेवली नाही’ असं म्हणण्यावर थांबू नये.

आणि तरीही संख्येने सर्वांत मोठा गट यातला कुठलाच नाही. तो स्टेरॉइड घेणाऱ्यांचा आहे. गुडघेदुखीवर किंवा दम्यावर कुणीतरी दिलेली बिननावाची पुडी, चिठ्ठीशिवाय दुकानातून मिळणाऱ्या डेक्सामेथासोनच्या गोळ्या, गोरेपणासाठी वर्षभर चोळलेलं स्टेरॉइडचं क्रीम, सांध्यात पुन्हा पुन्हा घेतलेली इंजेक्शनं. बाहेरून हार्मोन मिळालं की पिट्यूटरी गप्प बसते आणि ग्रंथी आक्रसतात. पुडी आणून देणारा मुलगा गावी गेला, किंवा कुणी शहाण्याने ‘ती घातक आहे, आजच बंद कर’ असा सल्ला दिला, की आठवड्याभरात रुग्ण कोसळतो. या रुग्णाचं रूप पुस्तकातल्या चित्राच्या थेट विरुद्ध असतं: गोल सुजरा चेहरा, सुटलेलं पोट, काटकुळे हातपाय, जरा धक्का लागला की काळीनिळी पडणारी पातळ त्वचा. खंगलेला, काळवंडलेला माणूस शोधणाऱ्या डोळ्याला हा कधीच सापडणार नाही. याला शोधण्यासाठी यंत्र लागत नाही, प्रश्न लागतो, आणि तो न रागावता विचारावा लागतो: दुखण्यावर आणखी काय काय घेत होतात, आणि ते कधी बंद केलंत?

या मांडणीवर रास्त आक्षेप आहेत. पहिला असा, की ग्रंथींचा मूळ आजार युरोपातही दहा लाखांत शंभर-दीडशे जणांनाच असतो, आणि थकवा तर प्रत्येकाला असतो. प्रत्येक थकलेल्यात हा आजार शोधायचा तर तपासण्यांना अंत राहणार नाही. आक्षेपाचा दुसरा भाग अधिक गंभीर आहे: ‘अ‍ॅड्रिनल फटिग’ नावाची, शास्त्रीय आधार नसलेली कल्पना बाजारात आहेच, आणि तिच्या नावावर धडधाकट माणसांना स्टेरॉइड आणि पूरक पावडरी विकल्या जातात. हा धोका मला पूर्ण मान्य आहे. पण नुसत्या थकव्यावर संशय घ्या, असं मी म्हणत नाही. थकव्याबरोबर वजन उतरणं, उभं राहिल्यावर रक्तदाब पडणं, सोडियम कमी असणं, उपचार उलटा पडणं किंवा स्टेरॉइडचा इतिहास, यांतलं एखादं जोडीला आलं की संशय घ्यावा. आणि पहिली पायरी फुकटची आहे: पाच मिनिटं झोपवून रक्तदाब घ्यायचा, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायचा, वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला तर पुढे जायचं. दुर्मीळतेचा हिशोबही केवळ मूळ आजार धरून केलेला आहे. त्यात स्टेरॉइडचे, पिट्यूटरीचे आणि कर्करोगावरच्या नव्या इम्युनोथेरपीनंतरचे रुग्ण मिळवले की तो बदलतो. त्या शेवटच्या गटात थकवा कर्करोगाच्या नावावर खपून जातो.

दुसरा आक्षेप तपासणीचा. सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल डेसिलिटरमागे ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर निदान जवळजवळ पक्कं, १५-१८ च्या वर असेल तर बहुधा नाही, आणि मधला पट्टा धूसर. गर्भनिरोधक गोळ्यांनी आकडा फसवा वाढतो, दुपारी घेतलेल्या नमुन्याला फारसा अर्थ नसतो, आणि एसीटीएच टोचून करायच्या चाचणीचं इंजेक्शन आपल्याकडे सगळीकडे मिळत नाही. सगळं खरं. पण याच कारणाने नजर आणि प्रश्न यांचं वजन वाढतं. अतिदक्षता विभागातला एक बारकावाही ध्यानात ठेवावा: शॉकमध्ये असलेल्या माणसाचं कॉर्टिसॉल ‘नॉर्मल’ छापून आलं, तर ते त्या माणसासाठी कमी असू शकतं. प्रयोगशाळेची मर्यादा निवांत माणसासाठी आखलेली असते.

तिसरा आक्षेप सावध डॉक्टर घेतात: निदान नसताना स्टेरॉइड टोचणं म्हणजे अंधारात बाण मारणं, त्यात क्षय किंवा दुसरा संसर्ग दडपला जाईल. महिनोन् महिन्यांच्या गोळ्यांबाबत हे बरोबर आहे, आणि पुड्यांबाबत वर जे लिहिलं त्यामागेही हीच काळजी आहे. कोसळलेल्या रुग्णाबाबत मात्र तराजू वेगळा आहे. जर्मनीत ४२३ ज्ञात रुग्णांवर दोन वर्षं नजर ठेवली तेव्हा, त्यांना आजार माहीत असूनही, दर शंभर रुग्णांमागे वर्षाला आठांहून अधिक संकटं आली आणि त्यांत मृत्यूही झाले. ज्यांना आपला आजार माहीतच नाही त्यांचं काय होत असेल! १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनची एक कुपी तालुक्याच्या रुग्णालयातही असते. दम्यासाठी ती रोज फोडली जाते. आधी कॉर्टिसॉल आणि एसीटीएचसाठी रक्त काढून नळी बर्फात बाजूला ठेवायची, लगेच इंजेक्शन द्यायचं, पहिल्या तासात लिटरभर सलाईन सोडायचं, साखर पाहायची, आणि संसर्गाचे उपचार न थांबवता सोबत चालू ठेवायचे. उत्तर यायला दोन दिवस लागले तरी चालतात. रिपोर्टमध्ये ग्रंथी ठणठणीत निघाल्या तर दोन दिवसांच्या स्टेरॉइडने सहसा काही बिघडत नाही. नाही निघाल्या, तर बहुतेकदा रिपोर्टच्या आधीच रुग्णाने उत्तर दिलेलं असतं: दोन दिवस सलाईनला न जुमानणारा रक्तदाब काही तासांत धरू लागतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, कित्येक आठवड्यांनी, त्याला भूक लागलेली असते.